धुऊन-पुसून दाखवलेलं मशीन

अकरा वर्षं चाललेलं गवत कापायचं मशीन, आणि होजवर (तेलाच्या रबरी नळीवर), सिलिंडरवर, खालच्या पत्र्यावर तेलाचा एक डाग नाही! मला तेव्हा कौतुक वाटलं. तिथेच फसलो.

क्लबच्या मैदानासाठी तीन रिळांचं (रीळ म्हणजे गवत कापणारा फिरत्या पात्यांचा दंडगोल), बसून चालवायचं जुनं लॉन मोवर हवं होतं. नवं परवडत नव्हतं. विकणारा म्हणाला, "साहेब, गोल्फ कोर्सवरचं आहे, जपून वापरलंय." सकाळी आठला त्याच्याकडे गेलो. त्याने स्टार्ट केलं, रिळं वर-खाली करून दाखवली आणि दहा मिनिटांत बंद केलं. मी इसार दिला, आठवड्याने एकूण चार लाख साठ हजार मोजून मशीन आणलं.

पहिल्याच दुपारी दीड तास कापणी केली. दोन दिवसांनी आउटफिल्डवर बोटभर रुंद तपकिरी रेघ उमटली, मशीन जिथे वळलं तिथे तीही वळलेली. आधी वाटलं, पोरांनी युरिया सांडला. आमच्याकडे हरळी आहे, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा. उन्हाळ्यात वाळून गेली तरी पहिल्या पावसात उठते. पण मशीनमधून गळलेल्या गरम हायड्रॉलिक तेलापुढे, म्हणजे दाबाने रिळं फिरवणाऱ्या-उचलणाऱ्या तेलापुढे, तिचं काही चालत नाही. तेलाची उष्णताच पातं भाजते, त्यामुळे वनस्पतीजन्य तेल भरलं तरी रेघ टळत नाही.

जेसीबीची कामं करणाऱ्या फिटरला बोलावलं. त्याने टाकीत बोट बुडवलं आणि हसला. ४६ ग्रेडच्या पातळ हायड्रॉलिक तेलाच्या जागी जाड गिअर ऑइल होतं. थंड असताना जाड तेल फटीतून येत नाही, तापून पातळ झालं की येतं. एका जोडावर ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग) बदलायची सोडून टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, वर एमसील आणि त्यावर काळा रंग. क्लॅम्पखाली होज आतल्या तारेपर्यंत घासला होता.

मी हात फिरवून गळती शोधायला गेलो, तर तो ओरडलाच. आत दोनशे बारच्या आसपास दाब असतो. सुईएवढ्या भोकातली धार कातडीत घुसते, वरून नुसता ठिपका दिसतो, आणि त्याच दिवशी ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवला. मग सगळं डिझेलने धुऊन, सुकवून, जोडांवर टाल्कम पावडर मारली. मशीन तापलं आणि पावडर ओली झाली तिथे जोड गळत होता. एका रिळाच्या मोटरचं सील मात्र त्यात सापडलं नाही. तेल बाहेर न येता बेअरिंगच्या ग्रीसमध्ये जात होतं. बेअरिंगचं घर उघडल्यावर पातळ झालेलं ग्रीस दिसलं.

विकणाऱ्याला फोन केला. "पाहूनच घेतलं होतं ना, साहेब?" पावतीवर "जसं आहे तसं" लिहिलेलं होतंच.

जुनं मशीन बघायला जाणार असाल तर आधी कळवा, धुऊ नका म्हणून. गेल्यावर आपल्यासमोर अर्धा तास गवत कापायला लावा, मग खाली पुठ्ठा घालून चहा पिऊन या. नाही म्हणाला तर इसार खिशातच ठेवा. मला दुरुस्तीचे अठ्ठावन्न हजार पडले, रेघेवर नवी हरळी लावायची मजुरी वेगळी.

विकणाऱ्याने पाठवलेला फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. मोठा करून पाहिला की डाव्या बाजूच्या जोडावरचा काळा रंग बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच चकाकतो.