एनए (अकृषिक) प्लॉट म्हणून विकलेला सामाईक गुंठा

प्लॉटच्या फसवणुकीत खोटे कागद फार क्वचित सापडतात. सात-बारा खरा असतो, झोन दाखला खरा असतो, दस्तही दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवलेला असतो. फसवणूक होते ती शब्दांच्या आडून: कागद असतो आधीच्या टप्प्याचा आणि पैसे घेतले जातात पुढच्या टप्प्याचे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहराच्या वेशीवर हा धंदा जोरात आहे.

यातला सर्वांत वाईट सापळा म्हणजे अकरा गुंठ्यांची खरेदी. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा होईल अशी शेतजमीन विकता येत नाही. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीसाठी 10 आणि जिरायतीसाठी 20 गुंठे केलं. एजंटांनी लगेच हिशोब जमवला. 11 गुंठ्यांचा एकच दस्त करायचा आणि त्यात एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दहा-अकरा खरेदीदार घालायचे. जागेवर चुन्याची फक्की मारून प्रत्येकाला ‘त्याचा’ प्लॉट दाखवला जातो, कोपऱ्यात दगड रोवला जातो, ब्रोशरवरच्या रंगीत नकाशात नंबरही दिला जातो.

दस्त मात्र वेगळंच बोलतो. मिळकतीच्या वर्णनात लिहिलेलं असतं, ‘यापैकी सामाईकातील अविभक्त 1 गुंठा क्षेत्र’. चतुःसीमा बघा: पूर्वेस शेजारचा गट, दक्षिणेस ओढा, म्हणजे सीमा अख्ख्या अकरा गुंठ्यांच्या. ‘प्लॉट क्रमांक 7’ हे शब्द दस्तात कुठेच नसतात, वीस फुटी रस्ताही नसतो. फेरफार मंजूर झाल्यावर सात-बाऱ्यावर एका कंसात सगळी नावं लागतात आणि क्षेत्र समोर एकत्र येतं. तुम्ही दगड ज्या कोपऱ्यात पाहिला तो कोपरा कायद्याच्या लेखी तुमचा नाही. अकरा गुंठ्यांच्या प्रत्येक इंचात तुमचा अकरावा हिस्सा आहे, एवढंच.

पुढे अडचणी ओळीने येतात. वाटप करून वेगळा उतारा काढावा म्हटलं तर तोच कायदा आडवा येतो, कारण तुकडा पडेल असं वाटपही चालत नाही. आपला एक गुंठा विकायला गेलं तर तीच गत. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही. रस्त्याची जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते, आणि भाव वाढला की तिथे तारेचं कुंपण पडतं. शिवाय ही शेतजमीनच. खरेदीदार शेतकरी नसेल तर बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकायला मनाई करणारं कुळकायद्याचं कलम 63 लागतं, आणि कलम 84-क खाली चौकशी होऊन व्यवहारच अवैध ठरू शकतो. ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ असं एजंट म्हणाला की त्याला तिथेच नमस्कार करावा.

‘आर झोन’ हा दुसरा लाडका शब्द. त्याचा अर्थ इतकाच की विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ती जमीन रहिवासी विभागात दाखवली आहे. जमिनीचे प्लॉट पाडायला कोणी मंजुरी दिली, असं त्यातून निघत नाही. झोन दाखल्यासोबत भाग नकाशा घ्यावाच. एकाच गटाचा निम्मा भाग रहिवासी, निम्मा हरित आणि मधून आराखड्यातला रस्ता, असं सर्रास असतं. दाखल्यावर ‘भागशः’ हा बारीक शब्द दिसला की थांबा.

‘आता एनए लागतच नाही’ हे वाक्य अर्धं खरं असल्यामुळे जास्त घातक आहे. जमीन महसूल संहितेत 42-अ ते 42-ड ही कलमं आल्यापासून रहिवासी विभागातल्या जमिनीला वेगळी अकृषिक परवानगी मागावी लागत नाही. पण अकृषिक वापर ही एक गोष्ट आणि जमिनीची विभागणी ही दुसरी. प्लॉट पाडायचे तर नियोजन प्राधिकरणाकडून रेखांकन, म्हणजे ले-आउट, मंजूर करून घ्यावंच लागतं.

त्या मंजुरीतही दोन पायऱ्या आहेत, आणि शिकलेली माणसं फसतात ती इथे. आधी तात्पुरतं रेखांकन, ज्याला सगळे टेंटेटिव्ह म्हणतात. त्यानंतर जागेवर आखणी होते, भूमी अभिलेखकडून मोजणी होते, रस्ते-गटारं केली जातात आणि मग अंतिम रेखांकन मिळतं. त्यावरून कमी-जास्त पत्रक (बोलीत कजाप) तयार होतं आणि प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा उघडतो. ब्रोशरवर ‘मंजूर ले-आउट’ असतं, हातात टेंटेटिव्हची झेरॉक्स असते, आणि झेरॉक्स काढताना नकाशाचा नेमका शीर्षकाचा कोपरा गळालेला असतो. आदेशाचा क्रमांक आणि तारीख घेऊन मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून नक्कल काढा आणि अटींचं पान आधी वाचा. अंतिम मंजुरीपूर्वी प्लॉट विकू नयेत, ही अट बहुधा तिथेच लिहिलेली असते.

ऑफिसात न जाताही एक पडताळणी करता येते. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 4000 चौ. मी. आणि त्याहून मोठ्या जमिनीला 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर म्हणजे 40 गुंठे, साधारण 4047 चौ. मी. त्यातले चार गुंठे मोकळ्या जागेत गेले, उरले 36. अंतर्गत रस्ते अजून वजा व्हायचेत आणि तेही साधारणपणे 9 मीटर, म्हणजे तीस फुटांच्या आसपास. मग ‘एका एकरात एक-एक गुंठ्याचे 36 प्लॉट, पंधरा फुटी रस्ते’ ही योजना मंजूर असणार कशी?

गुंठा आणि आर यांची सरमिसळही तपासा. गुंठा 1089 चौ. फुटांचा, आर (म्हणजे 100 चौ. मी.) 1076 चा, आणि बोलण्यात काही जण गुंठा हजाराचाच धरतात. भाव चौरस फुटावर ठरला असेल तर फरक सरळ खिशातून जातो.

‘नंतर गुंठेवारीत नियमित करून देऊ’ यावर तर अजिबात जाऊ नये. विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. आज पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची खात्री देत नाही.

क्षेत्र 500 चौ. मी.च्या वर आणि प्लॉट आठाहून जास्त असतील तर महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी हवी. क्रमांक दिला तर संकेतस्थळावर टाकून बघा. त्या नोंदीत रेखांकनाचा आदेशही पाहायला मिळतो. ‘शेतजमीन आहे, रेरा लागत नाही’ असं उत्तर आलं तर विक्रेत्यानेच कबूल केलं की तो प्लॉट विकत नाहीये.

विसार देऊन झाला असेल तर उरलेली रक्कम थांबवा, ‘विकसन खर्च’ म्हणून मागितलेली रोख तर आधी. ब्रोशर, जागेचे फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पावत्या, काहीही फेकू नका. दस्तात तुम्ही ‘सामाईक, अविभक्त’ या शब्दांखाली सही केलेली असते, त्यामुळे ‘एनए प्लॉट’ म्हणून विकल्याचा पुरावा फक्त त्या चकचकीत ब्रोशरमध्ये आणि मेसेजमध्ये उरतो. पोलिसांत किंवा ग्राहक आयोगाकडे जाताना वकील पहिल्यांदा तेच मागतो.