‘स्क्लँडर’ आणि ‘लीझिंग’: मराठीत आणताना काय घ्यावं?

स्कॉट्स या स्कॉटलंडच्या भाषेतल्या जुन्या कागदपत्रांचं मराठी करायला बसलं की निंदेसाठी दोन शब्द हटकून आडवे येतात, ‘स्क्लँडर’ आणि ‘लीझिंग’. घाईत दोन्हींना ‘बदनामी’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं अजिबात करू नका. पहिल्या शब्दाचा निवाडा गावच्या चर्चमध्ये व्हायचा. दुसऱ्यापायी माणसाचं डोकं जाऊ शकत होतं.

‘स्क्लँडर’चं मूळ ग्रीक ‘स्कँडॅलॉन’, म्हणजे सापळा. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून तो स्कॉटलंडात पोचला. पुढे इंग्रजीत ‘स्लँडर’ आणि ‘स्कँडल’ असे दोन शब्द वेगळे झाले, पण जुन्या स्कॉट्समध्ये दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत होते. म्हणून १५६०च्या धर्मसुधारणेनंतरच्या चर्चच्या नोंदी वाचताना डोकं ताळ्यावर ठेवावं लागतं. शेजारणीला कुणी चेटकीण म्हटलं, तर ते स्क्लँडर. लग्नाआधीचे संबंध उघडकीला आले, तर तेही स्क्लँडर, आणि इथे तर कुणी खोटं बोललेलंही नसतं! पहिल्या ठिकाणी मी ‘नालस्ती’ घेईन, दुसऱ्या ठिकाणी ‘बभ्रा’.

नालस्ती करणाऱ्याला काही गावांत जी शिक्षा होई, ती वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. सगळ्या मंडळीसमोर उभं राहायचं, स्वतःची जीभ हाताने धरायची आणि म्हणायचं, ‘खोट्या जिभे, तू खोटं बोललीस.’ ज्यांच्या कानांवर ती निंदा गेली होती, त्याच कानांवर आता ही कबुली जायची. गेलेली अब्रू जिथल्या तिथे परत करायची ही रीत समजली, की ‘अब्रूनुकसानी’ हा कोर्टाचा शब्द इथे परका वाटायला लागतो.

‘लीझिंग’ म्हणजे मुळात नुसतं खोटं. जुन्या इंग्रजीतल्या ‘खोटा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. कायद्यात मात्र ‘लीझिंग-मेकिंग’ला धार चढली. स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स याच्या १४२४च्या कायद्याने राजा आणि प्रजा यांच्यात वितुष्ट येईल अशा खोट्या गोष्टी पसरवणाऱ्याचा जीव आणि मालमत्ता दोन्ही राजाच्या हवाली केली. लॉर्ड बाल्मेरिनोने राजाविरुद्धच्या एका अर्जाची प्रत जवळ ठेवली आणि लिहिणाऱ्याचं नाव कळवलं नाही, एवढ्यावर १६३५मध्ये पंधरा पंचांनी आठ विरुद्ध सात मतांनी त्याला दोषी ठरवलं. एका मताने मृत्युदंड! पुढे त्याला माफी मिळाली. अर्गाइलच्या नवव्या अर्लवर, म्हणजे तिथल्या सरदारावर, १६८१मध्ये राजद्रोहाबरोबर हाही आरोप होता, कारण राजनिष्ठेची शपथ त्याने स्वतःची अट घालून घेतली होती. सावत्र मुलीच्या झग्याचा घोळ धरणारा नोकर बनून तो एडिंबरा किल्ल्यातून निसटला. १६८५मध्ये मात्र त्याचा शिरच्छेद झालाच. १७०३मध्ये मृत्युदंड जाऊन दंड, कैद, हद्दपारी आली. गुन्हा म्हणून हा शब्द पुस्तकातून पुसला गेला तो थेट २०१०च्या कायद्याने.

याला मराठीत ‘राजद्रोह’ म्हणू नये. अर्गाइलच्या खटल्यात तो आरोप वेगळा आहेच. ‘चहाडी’ जवळची आहे, पण चहाडी खरीही असू शकते. दोघांत बिघाड आणणारं बोलणं म्हणून माझी पसंती ‘लावालावी’ला. घरगुती वाटतो खरा, म्हणून पहिल्यांदा ‘राजाविरुद्धची लावालावी’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसता शब्द चालेल. आणि नोंद चर्चची असेल, तर आधी एवढंच बघा: कुणी काही बोललं आहे, की कुणाचं काही बाहेर आलं आहे?