समुपदेशक शोधून देणारे ॲप आणि त्यावरचे निनावी अभिप्राय : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वडील गेल्यानंतर सहा महिने मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो आणि बँकेत मात्र सगळ्यांशी हसून बोलत होतो. हे फार दिवस चालणार नाही हे पत्नीने ओळखले आणि एका रात्री समुपदेशक शोधून देणारे एक ॲप तिनेच माझ्या फोनवर घेऊन दिले. त्याला आता नऊ महिने झाले. या काळात मी दोन समुपदेशकांकडे गेलो, पहिल्यांकडे दोनदा आणि दुसऱ्या बाईंकडे एकवीस वेळा. शे-दोनशे अभिप्राय वाचले आणि स्वतः दोन लिहिले. ॲपचे नाव मुद्दाम देत नाही. ते दिले, तर माझा अभिप्राय शोधून काढायला ओळखीच्या माणसाला पाच मिनिटेही लागणार नाहीत, आणि या लेखाचा सारा विषयच तो आहे.

व्यवहाराची बाजू आधी उरकतो. पन्नास मिनिटांच्या बैठकीचे दीड हजार रुपये, आदल्या दिवशी रद्द केल्यास पूर्ण परतावा, व्हिडिओवर किंवा प्रत्यक्ष भेटण्याची सोय. एकदा मध्येच संपर्क तुटला, तेव्हा पैसे चार दिवसांत परत आले. तक्रार एकच आहे : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि ‘लाइफ कोच’ अशा सर्वांना एकाच यादीत, एकाच मांडणीत बसवले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा क्रमांक ताडून पाहता येतो, हे मला तिसऱ्या महिन्यात कळले. तोवर मी तारे मोजत होतो.

अभिप्रायांची रचना मात्र विचारपूर्वक केलेली आहे. पैसे भरून किमान एक बैठक पूर्ण केलेल्या व्यक्तीलाच लिहिता येते. नावाऐवजी टोपणनाव दिसते, तारखेऐवजी फक्त महिना दिसतो, आणि लिहिलेला मजकूर दोन ते तीन आठवडे थांबवून मग प्रसिद्ध होतो, म्हणजे मंगळवारी कोण येऊन गेले याचा मेळ समुपदेशकालाही सहज घालता येऊ नये. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण लिहिणाऱ्याची ओळख ईमेल, दूरध्वनी किंवा एसएमएसने पडताळून पाहावी हा त्यातला आग्रह येथे पाळलेला दिसतो. कंपनीला तुम्ही कोण ते ठाऊक असते, वाचणाऱ्याला नसते. कागदावर हा तोडगा चोख आहे.

तरीही मी फसलो. पहिल्या समुपदेशकांना चार पूर्णांक नऊ तारे होते. दुसऱ्या बैठकीनंतर मन खट्टू झाले म्हणून त्यांचे अभिप्राय पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की एका महिन्यात अकरा आणि त्याच्या आधीच्या चार महिन्यांत एकही नाही. अकरांपैकी सात जणांनी ‘अतिशय प्रोफेशनल’ असे लिहिले होते आणि एकानेही बैठकीत नेमके काय झाले ते लिहिले नव्हते. पडताळणीचा हिरवा टिळा मात्र सर्वांना होता. पहिली बैठक नव्व्याण्णव रुपयांत देण्याची योजना त्या महिन्यात होती, असे पुढे समजले. कोणी स्वतःच्याच माणसांकडून ती घेववली, की स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात लोकांनी तारे उधळले, हे सांगता येत नाही. पण पैसे भरल्याची पावती आणि अनुभवाचा खरेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या बाई निवडल्या त्या एका तपशीलवार अभिप्रायावरून. कोणा स्त्रीने लिहिले होते की पहिल्या दिवशी ती चाळीस मिनिटे नुसती रडली, आणि बाईंनी रुमालाचा डबा पुढे सरकवण्यापलीकडे काही केले नाही. हे कोणी बनवून लिहिणार नाही, असे मला वाटले.

म्हणून स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा मीही तसेच लिहिले. वडील आपला चष्मा फ्रिजवर ठेवत असत. ते गेल्यावर तो मी सहा महिने हलवला नव्हता, फ्रिज पुसतानाही त्याच्या भोवतीने फडके फिरवत होतो, आणि चौथ्या बैठकीनंतर घरी येऊन तो प्रथम हातात घेतला. इतकेच. टोपणनाव दिले होते, पेठेचे नाव दिले नव्हते, बँकेचा उल्लेख नव्हता. दोन महिन्यांत त्रेचाळीस जणांनी त्या अभिप्रायावर ‘उपयोगी’ अशी खूण केली.

चव्वेचाळिसावी माझी मावसबहीण होती. तिचा फोन आला. “दादा, फ्रिजवरचा चष्मा काकांचा ना?” तीही समुपदेशक शोधत होती, हे मला त्या फोनपर्यंत ठाऊक नव्हते, आणि तिला ते मला कळू द्यायचे नव्हते. मला ओळखण्याच्या नादात ती स्वतःही उघडी पडली. दोघेही काही क्षण गप्प राहिलो.

लॅटानिया स्वीनी या संशोधिकेने १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पोस्टल क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात. माझ्या बाबतीत एक चष्मा आणि एक फ्रिज पुरले. माणूस खरे बोलतो आहे हे ज्या तपशिलावरून पटते, त्याच तपशिलावरून तो माणूस कोण हेही कळते. नाव झाकून ही अडचण सुटत नाही, कारण आपल्या माणसांना आपले नाव लागतच नाही.

परक्यांपासूनचा धोका वेगळा, आणि तो समजण्यासाठी जरा अवघड वाटणाऱ्या क्षेत्राकडे पाहावे लागते. नेदरलँड्समध्ये कुंटणखान्यांवरील बंदी १ ऑक्टोबर २००० रोजी उठली, म्हणजे कुंटणखाना चालवणे कायदेशीर झाले; पण एस्कॉर्टकडे जाणारा ग्राहक तिथेही स्वनावाने लिहीत नाही. तिथल्या ‘हूकर्स डॉट एनएल’ या संकेतस्थळावर ग्राहक टोपणनावाने आपले अनुभव नोंदवत. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते फोडले गेले आणि सुमारे अडीच लाख सदस्यांची टोपणनावे ईमेल पत्त्यांसह विक्रीला निघाली. सदस्यांमध्ये शरीरविक्रयाचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियाही होत्या. ज्यांनी ईमेल पत्त्यातच स्वतःचे नाव घातले होते, त्यांच्या टोपणनावाला काही अर्थ उरला नाही. हे वाचल्यावर मी माझ्या ॲपवरचा ईमेल पत्ता तपासला. त्यात माझे नाव, आडनाव आणि जन्मवर्ष, तिन्ही होते. तो त्याच दिवशी बदलला. मनाच्या दुखण्याची आणि शरीरविक्रयाची तुलना काहींना खटकेल, पण लाज जिथे असते तिथे टोपणनावामागची खरी यादी कोणाच्या कपाटात आहे हा प्रश्न सारखाच असतो.

समुपदेशकाच्या बाजूने पाहिले, तर तोंड बांधलेले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. खोटा अभिप्राय आला तरी ‘हे गृहस्थ माझ्याकडे आलेच नव्हते’ किंवा ‘आले होते, पण असे घडले नाही’ यांपैकी काहीही बाईंना जाहीर लिहिता येत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतील एका मनोविकार केंद्राने वाईट अभिप्रायाला उत्तर देताना रुग्णाच्या आजाराचा उल्लेख केला, आणि २०२३ मध्ये त्याला तीस हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. आमच्या बाईंना एकाने एक तारा दिला आहे, तो गेले सात महिने तसाच आहे, आणि त्याखाली ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहे’ एवढी एकच ओळ आहे. मी एकदा विषय काढला, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “त्याबद्दल मी काहीच बोलू शकत नाही, तुमच्याजवळसुद्धा.” माझ्या मते त्यांच्याबद्दलचा याहून मोठा अभिप्राय कोणी लिहू शकणार नाही.

अनामिकता आणि खरेपणा एकत्र नांदताना मी पाहिले आहेत, पण ते पडद्यावर नव्हे. आमचा एक सहकारी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना जात असे, आणि एका खुल्या सभेला तो मला घेऊन गेला होता. आडनाव कोणी विचारत नाही, पण बोलणारा समोर बसलेला असतो, त्याचा हात थरथरताना दिसतो. तिथे ताऱ्यांची गरज पडत नाही. ॲपवर ती खोली उभी करता येणार नाही.

आता मी अभिप्राय वाचतो तो वेगळ्या नजरेने. लिहिणाऱ्याच्या दुःखाचा तपशील मी सोडून देतो आणि सेवेचा तपशील धुंडाळतो : पहिल्या दिवशी स्वतःची पात्रता सांगितली का, गोपनीयता कोणत्या प्रसंगी मोडावी लागते हे आधी स्पष्ट केले का, रद्द केलेल्या बैठकीचे काय झाले, ‘आता येण्याची गरज नाही’ असे कधी म्हणाल्या का. हे लिहायला प्रत्यक्ष जावेच लागते, आणि त्यावरून कोणाची मावसबहीण कोणाला ओळखणार नाही. माझा अभिप्राय मी याच पद्धतीने पुन्हा लिहिला. चष्मा काढून टाकला. बैठक वेळेवर सुरू होते, बाई टिपणे वहीत घेतात आणि ती वही कुलपात ठेवतात, तिसऱ्या बैठकीच्या शेवटी उपचाराचा अंदाज देतात, असे लिहिले. सारे खरे आहे. पाच महिन्यांत त्यावर सहा खुणा आल्या.

जुना मजकूर कंपनीच्या साठ्यातूनही पुसावा असे मी लेखी कळवले आहे. आपला तपशील पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात आहे, मात्र त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. उत्तर आले ते असे की, दिसणारा अभिप्राय बदलला आहे, आधीची आवृत्ती ‘गुणवत्ता तपासणीसाठी’ ठेवली जाते. किती काळ, हे दोनदा विचारूनही कळलेले नाही.

मावसबहिणीने शेवटी त्याच बाईंकडे वेळ घेतली. दोघांपैकी कोणाचे नाव बाईंच्या तोंडून दुसऱ्यासमोर निघालेले नाही. तिने अजून अभिप्राय लिहिलेला नाही; मी विचारत नाही. मात्र बाईंची निवड कशावरून केली, हे तिने मला सांगितले आहे : चष्म्याच्या वाक्यावरून.