लस न टोचता हाती आलेले प्रमाणपत्र

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात प्रशासनाने आदेश काढला की, कोरोना लसीचा किमान एक डोस घेतल्याशिवाय कोणालाही रेशन, गॅस किंवा पेट्रोल देऊ नये. लसीकरणात जिल्हा राज्याच्या बराच मागे होता, त्यामुळे आदेशामागचा हेतू मला आजही योग्य वाटतो. परंतु त्याच आदेशाची भीती घालून आमच्या घरातील तीन वडीलधाऱ्यांना फसवण्यात आले. ती साथ सरली असली तरी आयुष्मान कार्ड आणि ई-केवायसीच्या नावाने अर्ज भरून देणाऱ्यांची तशीच टेबले गावोगाव लागलेली दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी शेतात गेलेली माणसे दिवेलागणीला परतत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे तर दिवसाची मजुरी बुडणार, आणि लसीनंतर ताप आला तर दुसरा दिवसही हातचा जाणार, हा प्रत्येक घरातला हिशेब होता. नेमक्या त्याच वेळी ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक जण रेशन दुकानाशेजारी टेबल टाकून बसू लागला. “बाबा, आधी सर्टिफिकेट घेऊन जा, म्हणजे धान्य अडायचं नाही. लस आपण नंतर गावातच कॅम्प लावून देऊ,” असे त्याने वडिलांना सांगितले. सरकारी केंद्रावर लस मोफत होती, हे वडिलांना ठाऊक होते. पण हा नोंदणीचा खर्च आहे असे म्हणून त्याने माणशी पाचशे रुपये घेतले. वडील, आई आणि चुलती अशा तिघांची आधार कार्डे त्याने मोबाइलवर टिपून घेतली.

वडिलांच्या फोनवर आधी ओटीपी आला आणि नंतर चार आकडी कोड मिळाला. या दुसऱ्या कोडचे महत्त्व खेड्यापाड्यात फार थोड्यांना माहीत होते. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन वेळ घेतलेल्या माणसाने तो केंद्रावर लस देणाऱ्यालाच सांगायचा असे, कारण जो केंद्रावर गेलाच नाही त्याच्या नावावर डोस चढू नये, यासाठीच मे २०२१ मध्ये ती सोय करण्यात आली होती. टेबलवाल्याने मात्र तो कोड टेबलावरच विचारून घेतला. केंद्रातील लॉगिन ज्याच्या हाती आहे अशा कोणाची साथ असल्याशिवाय पुढची नोंद होणे शक्य नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लॅमिनेशन केलेली तीन प्रमाणपत्रे घरी आली. त्यांवर पंतप्रधानांचे छायाचित्र होते, क्यूआर कोड होता, लसीचे नाव कोविशिल्ड होते आणि बॅच क्रमांकही होता. मात्र लसीकरणाचे ठिकाण म्हणून ज्या केंद्राचे नाव होते, तिथे आईने आयुष्यात पाऊल ठेवलेले नव्हते. त्या तारखेला ती दिवसभर कापूस वेचत होती. रेशन मिळाले. कॅम्प मात्र कधीच लागला नाही.

या फसवणुकीचा खरा घाव जानेवारी २०२२ मध्ये बसला. ओमायक्रॉनची लाट आली होती, वडिलांना मधुमेह आहे, आणि आम्ही तिघांनाही घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टरांनी आधार क्रमांक टाकला, तर पहिला डोस झालेला दिसत होता आणि दुसऱ्याला वेळ होता, कारण कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागे. त्यामुळे ज्यांना लसीचा थेंबही मिळालेला नव्हता, त्यांनाच “तुमची वेळ झाली नाही” असे ऐकून परतावे लागले. कोविशिल्डच्या एका कुपीतून दहा जणांना लस मिळत असे. खोट्या नोंदीमुळे कागदावर जो डोस खर्ची पडतो, तो कोणाच्या तरी वाट्याचाच असतो. पैशांपेक्षा याचा मला अधिक संताप येतो.

सुदैवाने त्याच महिन्यात कोविनवर चुकीची नोंद मागे घेण्याची सोय झाली. स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने लॉगिन करून तक्रार नोंदवली की तीन ते सात दिवसांत नोंद बदलेल, असे आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले होते. वडिलांची आणि आईची नोंद अशीच रद्द झाली आणि दोघांनी खरा पहिला डोस घेतला.

चुलतीच्या बाबतीत मात्र हा मार्ग बंद होता. तिच्याकडे फोन नसल्याने त्या माणसाने तिची नोंदणी स्वतःच्याच क्रमांकावर केली होती. एका क्रमांकावर चार जणांची नोंदणी करता येत असे, याचा त्याने फायदा घेतला. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार आणि तो फोन बंद. शेवटी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा लागला, सोबत आधार कार्डाची आणि खोट्या प्रमाणपत्राची प्रत जोडली, पोलीस ठाण्यातही तक्रार दिली. पैसे परत आले नाहीत आणि टेबलवाला पुन्हा दिसला नाही. ज्यांच्या घरी फोन नसलेली वयस्क माणसे आहेत, त्यांनी आधार कार्ड देऊन भरलेल्या प्रत्येक अर्जावर कोणाचा मोबाइल क्रमांक टाकला आहे, हे टेबल सोडण्यापूर्वीच वाचून घ्यावे, आणि पैसे दिले असतील तर पावती मागावी. आमच्याकडे पावती नव्हती, म्हणून पोलिसांना दाखवायला त्या तीन प्रमाणपत्रांखेरीज काहीच उरले नव्हते.