मेल प्रॉक्सी: एनजिन्क्स की डव्हकॉट?

मेलबॉक्स दोन-तीन सर्व्हरवर विभागले, की कोणाला कुठे धाडायचं ते ठरवणारं एक दार पुढे लागतं. हेच मेल प्रॉक्सी; ते काम एनजिन्क्स (वेब सर्व्हर) किंवा डव्हकॉट (मेल सर्व्हर) करू शकतं.

एनजिन्क्समध्ये हा निर्णय ‘ऑथ_एचटीटीपी’ या सेटिंगमधून होतो; त्यात तुमच्या स्क्रिप्टचा पत्ता असतो. युजरनेम-पासवर्ड हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) तुमच्या स्क्रिप्टकडे जातात आणि ती ‘ऑथ-स्टेटस: ओके’सोबत ‘ऑथ-सर्व्हर’ आणि ‘ऑथ-पोर्ट’ परत करते. नवखे हमखास इथेच अडकतात: ऑथ-सर्व्हरमध्ये होस्टनेम चालत नाही, आयपी पत्ताच द्यावा लागतो. त्याहून गंभीर म्हणजे, बाहेरून ९९३ पोर्टवर (मेल वाचायचं सुरक्षित दार) टीएलएस एनक्रिप्शन असलं तरी मागच्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा एनजिन्क्स स्वतः एनक्रिप्ट करत नाही. पासवर्ड उघडा जातो. मागचं नेटवर्क पूर्ण आपल्या ताब्यात नसेल, तर मला हे अजिबात मान्य नाही.

डव्हकॉटला वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. पासडीबीच्या (डव्हकॉट लॉगिन जिथून तपासतं ती जागा) एसक्यूएल क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातून, ‘प्रॉक्सी’ आणि ‘होस्ट’ ही फील्ड आली की काम झालं. ‘एसएसएल’ जोडलं की मागचा टप्पाही सुरक्षित. एखादा मेलबॉक्स दुसऱ्या सर्व्हरवर हलवला? टेबलातला एक रकाना बदला.

एसएमटीपी सबमिशन (युजरने पाठवलेली मेल स्वीकारणं) दोन्हींना जमतं. लॉगिन तपासायला तयार वेब एपीआय असेल तर एनजिन्क्स सोपं. युजर डेटाबेसमध्ये असतील तर मी डव्हकॉटच लावेन.