गंजगोलाईतलं ट्रॉफीचं दुकान आणि माझ्या पाच पाट्या

लातूरच्या गंजगोलाईतल्या एका जुन्या ट्रॉफीवाल्याकडून शाळेसाठी पाच पाट्या करून घेतल्या. मी खेळाचा शिक्षक, सॉफ्टबॉल-बेसबॉलची पोरं माझ्याकडं असतात. त्यांना बॅटिंगचं वेड, जमिनीलगतच्या चेंडूपुढं वाकायचं म्हणलं की तोंडं वाकडी. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. बेसबॉलमधला उघडपणे पगार देणारा पहिला संघ, सिनसिनाटीचा, १८६९ चा. आणि फिल्डिंगसाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार सुरू झाला १९५७ साली. मधली ८८ वर्षं ज्यांनी बोटं मोडून घेतली, त्यांचा सत्कार आपणच करू म्हणलं.

दुकानदारानं विचारलं, "सर, सत्कार कुणाचा करायलाव? पाहुणे कधी येणार?"

"सव्वाशे-दीडशे वर्षांखालची माणसं आहेत."

"मग घाई नाही म्हणा," म्हणत त्यानं मजकूर लिहून घेतला.

अडचण बाहुलीची. कपाटभर सोनेरी बाहुल्या: बॅट उगारलेला, बॉल टाकणारा, फुटबॉलला लाथ मारणारा. अडवणारा एकही नाही! शोधून शोधून क्रिकेटचा वाकलेला विकेटकीपर निघाला, पण त्याच्या दोन्ही हातांत ग्लव्ह. बिड मॅकफीच्या पाटीवर तो बसवला असता तर त्याचा अपमानच झाला असता. हा सिनसिनाटीचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ चेंडू अडवणारा, १८८२ ते १८९९ खेळला, आणि १८९६ पर्यंत उघड्या हातांनी. आजूबाजूचे सगळे ग्लव्ह घालायला लागले तरी हा नाही. शेवटी हात दुखावला म्हणून घातला, तर त्याच सीझनमध्ये त्याची फिल्डिंगची सरासरी .९७८ वर (म्हणजे हजार संधींत ९७८ बिनचूक) गेली, सेकंड बेससाठी तेव्हाचा विक्रम. बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २००० साली.

म्हणून म्हणलं, बाहुली राहू द्या, लेझरनं उघडा तळहात कोरा. दुकानदार चपापला. "सर, शाळेत मतदान केंद्र असतंय ना? पंजा कोरला तर आचारसंहितेत झाकून ठेवावा लागंल." त्यानंच मार्ग काढला: तळहातावर शिवणीसकट चेंडू. या एका गोष्टीसाठी एक स्टार जास्त.

बाकीच्या चार पाट्या डग ॲलिसन, जॉर्ज राइट, डिकी पिअर्स आणि बॉब फर्ग्युसन या जुन्या बेसबॉलपटूंच्या. ॲलिसन कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं चेंडू पकडणारा; १८७० मध्ये दुखऱ्या हातासाठी त्यानं खोगीर बनवणाऱ्याकडून चामडी हातमोजा शिवून घेतला. पोरांना हाच सगळ्यात आवडला. चार्ली वेट नावाच्या खेळाडूनं तर १८७५ साली कातडीच्या रंगाचा ग्लव्ह घातला होता, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. त्याची पाटी केली नाही, गोष्ट मात्र सांगतो.

सरासरीचे आकडे मी मुद्दाम कोरले नाहीत. दुकानदार म्हणत होता, आकड्यानं पाटी भारी दिसती. पण खडबडीत मैदानावर उघड्या हातांनी केलेल्या चुका आजच्या आकड्याशेजारी ठेवायच्या तरी कशा? शिवाय जो बॉलपर्यंत पोचतच नाही, त्याच्या नावावर चूकही लागत नाही. आमच्या संघात असे दोन आहेत, दोघांचीही सरासरी झकास.

आता कामाबद्दल. एका पाटीला साडेतीनशे रुपये पडले, अक्षरं ठसठशीत, मॅकफी आणि फर्ग्युसन दोन्ही नावं बिनचूक. पाठीमागची चिकटपट्टी मात्र अगदीच फालतू. एप्रिलच्या उन्हात दोन पाट्या भिंतीवरून खाली आल्या. आधीच भोकं पाडून घ्या, स्क्रू स्वतःचे न्या. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत जाऊ नका, सगळ्या शाळांचे शिल्ड तिथंच पडलेले असतात. आणि गाडी लांब लावा, गोलाईत जागा मिळत नाही.

दुकानाला पाचपैकी चार स्टार.