खोगिरासाठी शिवलेली जीन्स: रँग्लर १३एमडब्ल्यूझेड

ही जीन्स आरशासमोर उभं राहून पारखू नये, घोड्यावर बसून पारखावी. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वायोमिंग, मोंटाना, टेक्सासच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, पंधरा-सोळा वर्षांची पोरंही मोठ्या गड्यांच्या बरोबरीने राबायची. उजाडताना खोगीर कसायचं, दिवसभर गुरं वळवायची, कुंपणाच्या तारा ओढायच्या, वासरांना डागण्या द्यायच्या. अशाच कामासाठी ब्लू बेल कंपनीने १९४७ मध्ये रोडिओ बेन या शिंप्याच्या आराखड्यावरून ही जीन्स रँग्लर या नावाने आणली. नावातला १३ म्हणजे तेरावा नमुना आणि झेड म्हणजे बटणांऐवजी चेन.

मागचे खिसे मुद्दाम वर घेतलेत, त्यामुळे पाकीट बुडाखाली दबत नाही. रिव्हेट, म्हणजे शिवण पक्की करणाऱ्या धातूच्या टिकल्या, सपाट आहेत, खोगिराच्या कातड्यावर ओरखडे उठत नाहीत. कंबर उंच असल्याने पुढे वाकून दोर फेकताना पाठ उघडी पडत नाही. पट्टा ओवायच्या पुढच्या दोन पट्टीघरांच्या मध्ये मोठ्या बकलापुरती जागा सोडली आहे.

खरी सुधारणा मात्र कापडाची. साध्या तिरकस विणीचं डेनिम धुतलं की पीळ घेतं आणि बाजूची शिवण फिरून नडगीकडे येते. चालताना ते फक्त वाईट दिसतं. घोड्यावर तीच शिवण पाय आणि खोगीर यांच्यामध्ये येते आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलते. १९६४ मध्ये आलेल्या तुटक विणीत (ब्रोकन ट्विल) तिरकी रेघ मध्येच उलट वळते, दोन्हीकडचा ताण एकमेकांना मारतो आणि पाय सरळ राहतो. म्हणजे पन्नासच्या दशकातल्या पोराला हे सुख नव्हतं! आज घेताना तुटक वीण आहे ना, एवढं नक्की बघा.

लांबी नेहमीपेक्षा दोन ते चार इंच जास्त घ्या. उभं असताना घोट्याशी चुण्या पडल्याच पाहिजेत, कारण रिकिबीत गुडघा वाकला की कापड वर चढतं आणि बुटाची मान उघडी पडते. वाढत्या वयाच्या मुलासाठी लांबी वाढीव घेतली तर चालेल, कंबर अजिबात नको. सैल कापडाची मांडीखाली घडी होते आणि तीच घडी फोड आणते.

कडक, शंभर टक्के सुती प्रकारच घ्यावा. त्याचं वजन चौरस यार्डाला पावणेपंधरा औंस. ताणणारा धागा मिसळलेली जीन्स पहिल्या दिवसापासून मऊ लागते, पण डागणीच्या विस्तवापाशी ती घालू नका. सुतावर ठिणगी पडली तर भोक पडतं, कृत्रिम धागा मात्र वितळून कातडीला चिकटतो.

उणिवाही आहेत. जाड सूत भिजलं की लवकर वाळत नाही. थंडीच्या मुलखात आतून लोकरीची लांब विजार लागतेच. दक्षिण टेक्सासच्या मेस्कीट झुडपांच्या काट्यांपुढे हे डेनिम टिकत नाही, तिथे वरून कातडी चॅप्स, म्हणजे पायांवर चढवायची आवरणं, हवीतच. कापड आधी विरतं ते गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि बुडाखाली. तिथला निळा रंग फिका पडून पांढरे धागे दिसू लागले की लगेच आतून ठिगळ लावावं. भोक पडल्यावर लावलेल्या ठिगळाची कड टोचते.

नवी जीन्स उलटी करून थंड पाण्यात दोनदा धुऊन मगच घोड्यावर चढा, नाहीतर फिकट कातड्याच्या खोगिरावर निळा डाग बसतो आणि तो पुन्हा निघत नाही.